खाली थिनरचे डबे, वर कुटुंब: दोष फक्त ‘शॉर्टसर्किट’चा?

आग लागली की पंचनाम्यात आणि बातमीत एक शब्द ठरलेला असतो: शॉर्टसर्किट. तो लिहिला की जणू कुणाचीच जबाबदारी उरत नाही. हैदराबादच्या नामपल्ली भागात, बाजारघाटमध्ये १३ नोव्हेंबर २०२३ रोजी एका निवासी इमारतीला आग लागली. तळमजल्यावर रसायनांचे ड्रम होते, वर कुटुंबं राहत होती. त्या दिवशी नऊ जणांचा जीव गेला. ठिणगी कुठून आली यापेक्षा मोठा प्रश्न हा, की ते ड्रम तिथे होतेच का?

आपल्या मोहल्ल्यांतही खाली गॅरेज, स्प्रे पेंटिंग किंवा चपलांचा कारखाना आणि वर घर, हे चित्र नवं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की छोटी ठिणगीही पुरते. थिनरचंही साधारण तसंच. त्यासाठी वायरिंग खराबच असावं लागतं असं नाही. चांगला स्विच दाबतानाही आत ठिणगी पडते. ‘एमसीबी बसवलाय’ म्हणून निर्धास्त राहणं चूक आहे. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, वाफेपासून नाही. म्हणूनच अशा जागी आतली ठिणगी बाहेर न येऊ देणारी ‘फ्लेमप्रूफ’ उपकरणं लागतात.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना फक्त ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही घट्ट बंद डब्यात. त्याहून जास्त साठ्याच्या परवान्याचे नियम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पण गल्लीतल्या कारखान्यात तपासणीला येतं कोण? वेगळं गोदाम छोट्या कारागिराला परवडत नाही, घरमालकाला भाड्याशी मतलब, आणि महापालिकेला जाग येते ती आगीनंतर.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. साठा राहत्या इमारतीबाहेर हलवा. स्विचबोर्ड, मोटर, इन्व्हर्टर त्या खोलीबाहेर घ्या. हवा जायला जमिनीलगत जाळी ठेवा. वास आला तर खोलीतलं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. मेन स्विच बाहेर असेल तर तिथूनच वीज तोडा.

झोपण्यापूर्वी दिवे विझवा, अशी ताकीद रसूलुल्लाह (स.) यांनी दिली होती. काळजी घेणं हेही दीनच आहे. जुम्याच्या बयानात आणि जमातच्या बैठकीत हा विषय निघायला हवा, जनाज्याआधी.