तेल कधी बदलायचं, हे तेल विकणाऱ्याला विचारू नका

गाडीच्या काचेवर एका कोपऱ्यात छोटं स्टिकर असतं. त्यावर 'पुढील ऑईल चेंज' आणि खाली पेनाने लिहिलेला आकडा. हा आकडा कुठून आला, असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. आजच्या रीडिंगमध्ये पाच हजार मिळवले की झाला तयार. गाडी पेट्रोलची असो, डिझेलची की सीएनजीची, पंधरा वर्षं जुनी असो की परवाच शोरूममधून आलेली, मिळवायची संख्या तीच. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, गणित माझा विषय नाही. पण सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर लिहिणाऱ्या मुलाने प्रश्न वाचलेलेच नाहीत, हे कुठल्याही विषयाच्या पेपरवरून कळतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचं इंजिन ऑईल दर पाच हजार किलोमीटरला बदलणं म्हणजे चांगलं तेल फेकून देणं आहे. आणि 'कंपनीने दहा हजार सांगितलंय, विषय संपला' असं म्हणणाऱ्यांनीही पुस्तिकेचं अर्धंच पान वाचलेलं असतं.

मारुती आणि ह्युंदाईच्या आजच्या पेट्रोल गाड्यांसाठी साधारण 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी होईल ते, असा हिशोब असतो. स्कोडा-फोक्सवॅगनवाले आपल्याकडे 15,000 सांगतात. युरोपात याच कंपन्यांच्या काही गाड्या खास तेलावर 30,000 किलोमीटर किंवा दोन वर्षं चालतात. अमेरिकेतही आपल्यासारखाच एक नियम घराघरात बसला होता: दर तीन हजार मैलांना तेल बदला. तीन हजार मैल म्हणजे सुमारे 4,800 किलोमीटर, म्हणजे आपल्या पाच हजारांचा सख्खा भाऊच. शेवटी कॅलिफोर्निया राज्याच्या कचरा-पुनर्वापर खात्याने मोहीम काढून लोकांना सांगितलं की सवयीने तेल बदलू नका, आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा. हे सांगायला गाडीवाल्यांची संघटना आली नव्हती. कचऱ्याचं खातं आलं होतं.

यावर एक शंका हमखास येते: 'कंपनीला काय, इंजिन वॉरंटी संपेपर्यंत टिकलं की बस. पुढे तुम्ही नवीन गाडी घ्यावी हेच तिला हवं.' ही शंका अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. म्हणूनच पुस्तिकेच्या मुदतीपलीकडे तेल ताणायला मी कुणाला सांगत नाही, आणि लाखभर किलोमीटर झालेल्या इंजिनाला थोडं आधी बदललं तर माझी हरकत नाही. पण कंपनीवर संशय घ्यायचा आणि तेल विकून नफा कमावणाऱ्या दुकानावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हा कसला सावधपणा?

पाच हजारांचा आकडा कुणी आकाशातून आणला असंही नाही. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या जमान्यात तेल लवकरच बदलावं लागे. कार्ब्युरेटर पेट्रोल मोजूनमापून देत नसे. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळे आणि ते पातळ करी. त्या काळचं साधं खनिज तेलही लवकर दम तोडायचं. ज्या उस्तादाने आपल्या उस्तादाला हा आकडा शिकवला, तो बरोबर होता. पुढे फ्युएल इंजेक्शन आलं, सिंथेटिक तेलं आली, इंजिनाचे भाग जास्त अचूक बनू लागले. आकडा मात्र वारशात मिळालेल्या घड्याळासारखा मनगटावर तसाच राहिला. चालतंय की बंद आहे, कुणी बघत नाही.

हे सगळं सांगितलं की मेकॅनिक डिपस्टिक बाहेर काढतो, तेलाचा थेंब अंगठा आणि बोटामध्ये चोळतो आणि काळं बोट आपल्या नाकासमोर धरतो. 'बघा सर, काळं पडलंय.' गिऱ्हाईक इथे गार होतं. अहो, काळं पडणं हे त्या तेलाचं कामच आहे! त्यात काजळी आणि मळ धरून ठेवणारी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात, म्हणजे मळ इंजिनात साचत नाही, तेलात तरंगत राहतो. डिझेल गाडीत तर नवं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं. फरशी पुसलेलं फडकं मळलं म्हणून फडक्याला नावं ठेवायची का? उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तेल कितीतरी दिवस मधासारखं दिसतं, कारण वायूची काजळी कमी. पण त्या उष्णतेत आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे तेलाचा कस आतून उतरत असतो. म्हणजे काळं तेल चांगलं असू शकतं आणि सोनेरी तेल संपलेलं. आम्लं मारण्याची ताकद किती उरली आणि घट्टपणा किती बदलला, हे प्रयोगशाळेत कळतं, अंगठ्याला कळत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण शिक्षकांच्या खोलीत मला तेच जास्त भेटतात.

त्याच पुस्तिकेत, नेहमीच्या तक्त्याच्या आसपास, आणखी एक तक्ता असतो. खडतर वापराचा. त्यात कोणता वापर धरलाय ते वाचा: वारंवार छोट्या फेऱ्या, बराच वेळ उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं, धुळीचे रस्ते, ओढायचं ओझं. अशा गाडीसाठी बऱ्याच कंपन्या तेलाची मुदत साधारण निम्म्यावर आणतात. आपण समजतो, खडतर वापर म्हणजे लडाखला जाणारे, नाहीतर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे. प्रत्यक्षात घरापासून चार किलोमीटरवरच्या शाळेत गाडी नेणारा, दुपारी तीच गाडी घेऊन परत येणारा आणि रविवारी ती झाकून ठेवणारा मास्तर हा खडतर वापराचा नमुना आहे.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांवरून निसटून खाली तेलात उतरते. गाडी तासभर चालली तर तेल चांगलं तापतं आणि हे पाणी, न जळलेल्या पेट्रोलचा अंश, उडून जातो. चार किलोमीटरमध्ये तेल पुरेसं तापतच नाही. पाणी तिथेच राहतं, आम्लं तयार होतात, गाळ धरतो. पावसाळ्यात अशा गाडीचं तेल भरायचं झाकण उघडून बघा, आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर दिसतो. आमचे एक सहकारी वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर गाडी चालवतात. दोन वर्षं तेल बदललं नाही आणि अभिमानाने सांगतात, 'अजून पाच हजार कुठे झालेत?' याउलट रोज पुणे-मुंबई करणारा टॅक्सीवाला, ज्याच्या इंजिनाची आपल्याला दया येते, त्याचं तेल मजेत असतं. एकदा तापलं की तापलं, एका वेगात शंभर-दीडशे किलोमीटर. तो बिचारा पाच हजारांचा नियम पाळून महिन्याला एक-दोनदा तेल ओततो, आणि मास्तर त्याच नियमाच्या आधाराने दोन वर्षं गाळावर गाडी चालवतात. एकाच नियमाने एकाचा खिसा कापला आणि दुसऱ्याचं इंजिन.

मीटरचं आणखी एक आहे. भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास उभ्या राहिलेल्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र पाऊण तास चाललेलं असतं. म्हणूनच पुस्तिकेत किलोमीटरसोबत महिनेही लिहिलेले असतात. भाषेच्या मास्तराला इथे थोडं विषयांतर माफ करा. 'मुदत' हा शब्द उर्दू आणि मराठी दोघींचा. मराठीत मुदत म्हणजे ठरलेली हद्द: मुदत संपली, मुदतवाढ मागितली. उर्दूत मुद्दत म्हणजे लांबलचक काळ: मुद्दत झाली तुम्हाला पाहून. आपले निम्मे गाडीवाले तेलाची मुदत उर्दूत पाळतात. तेल बदललेलं पाहून त्यांना खरोखरच मुद्दत झालेली असते.

आकड्याच्या नादात जे बघायला हवं ते राहून जातं. पंधरा दिवसांतून एकदा सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक पुसून पातळी बघणं हे तेल लवकर बदलण्यापेक्षा कितीतरी मोलाचं. पाच हजारांवर निष्ठा असलेले लोक मधल्या काळात बॉनेट उघडत नाहीत. चार हजारांवर तेल कमी पडलं, तर पाच हजारांचं स्टिकर इंजिन वाचवायला येत नाही. बीएस-6 डिझेलवाल्यांनी तर पातळी वाढली तरी घाबरायला हवं. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना डिझेल तेलात उतरू शकतं, आणि गाडी शहरातच फिरत असेल तर जास्तच. 'तेल वाढतंय, बरकत आहे' असा हा प्रकार नव्हे. आणि ग्रेड! पुस्तिकेत 0डब्ल्यू-20 लिहिलेल्या गाडीत '20डब्ल्यू-50 टाका, घट्ट असतं, गरमीत टिकतं' म्हणणारे भेटतात. नवीन इंजिनाच्या बारीक वाटांमधून हे घट्ट तेल सुरुवातीला वेळेवर पोहोचत नाही. लवकर बदलून चुकीचं तेल भरण्यापेक्षा वेळेवर बदलून बरोबर तेल भरा.

मग मेकॅनिकच्या पोटाचं काय? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण माझे कितीतरी विद्यार्थी दहावीच्या आधी किंवा नंतर गॅरेजमध्ये गेले. आज त्यातल्या काहींची स्वतःची गॅरेजं आहेत. पण त्यांना तेलावर जगायला आपणच लावलंय. आपण तीनशे रुपयांच्या मजुरीवर वीस मिनिटं घासाघीस करतो. 'नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?' असं तोंडावर विचारतो. दोन हजारांच्या तेलाच्या डब्याचे मात्र गुपचूप देतो, कारण डबा हातात दिसतो. ज्याच्या ज्ञानाला किंमत नाही तो वस्तू विकणारच. मोठ्या एसी सर्व्हिस सेंटरचंही वेगळं नाही. अशाच एका ठिकाणी मला 'इंजिन फ्लश' आणि 'ट्रीटमेंट' घ्यायचा आग्रह झाला. पुस्तिकेत हे कुठल्या पानावर लिहिलंय, एवढंच मी विचारलं. टाय लावलेला मुलगा बिलातून ती ओळ खोडून निघून गेला. पाच हजारांवर गॅरेजला जरूर जा. पातळी, ब्रेक, कूलंट, एअर फिल्टर तपासून घ्या, आणि तपासणीचे पैसे बिनतक्रार द्या. फक्त तेल राहू द्या.

पैशांचा हिशोब मांडतो. वर्षाला 12,000 किलोमीटर, दहा वर्षं, म्हणजे 1,20,000. पाच हजारांनी 24 वेळा तेल, दहा हजारांनी 12 वेळा. एका वेळेला तेल, फिल्टर धरून 2,200 रुपये धरले तर 26,400 रुपये जादा गेले. आमच्याकडे तेवढ्यात एका मुलीची बऱ्याच वर्षांची शाळेची फी, वह्या, गणवेश निघतो. साडेतीन लिटरच्या हिशोबाने 42 लिटर तेल वापरता येत असताना काढून टाकलं, ते वेगळंच.

हे 42 लिटर जातं कुठे? कागदावर वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. 2016 चे नियम आहेत, आणि एप्रिल 2024 पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल बनवणाऱ्यांवरही टाकली आहे. रस्त्यावर मात्र ते सेंटरिंगच्या फळ्यांना लागतं, भट्टीत जळतं, नाहीतर गॅरेजसमोरच्या गटारात जातं. त्याआधी ते कोपरापर्यंत हात काळे झालेल्या सोळा वर्षांच्या पोराच्या कातडीवरून वाहतं. वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं असतात आणि ते वर्षानुवर्षं अंगाला लागू नये, म्हणूनच हातमोजे सांगितलेले असतात. आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजांत हातमोजे मला दिसलेले नाहीत. पोरं ते हात रॉकेलने धुतात आणि त्याच हातांनी वडापाव खातात. आपल्या गाडीची 'जरा जास्तच काळजी' घेताना आपण हे तेल त्यांच्या हातावर दुप्पट ओततो. जास्त वेळा बदललं तर बिघडतं काय, असं विचारणाऱ्यांनी ते हात बघून यावं.

राहिला प्रश्न पुस्तिकेचा. माझ्या गाडीसोबत आलेली पुस्तिका जाडजूड आणि इंग्रजी आहे. जाहिरात मराठीत, विक्रेत्याचं गोड बोलणं मराठीत, कर्जाचा फोनही मराठीत, आणि इंजिन किती दिवस जगेल हे सांगणारं पान तेवढं इंग्रजीत. ते पान मी वहीत मराठीत उतरवलं, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या गॅरेजसाठी ते उर्दूतही लिहून घेतलं. पण हे काम मास्तरांनी एकेका गाडीसाठी करत बसायचं नाही. गाडी घेताना सीट कव्हर आणि परफ्यूम फुकट मागायला आपण लाजत नाही. त्याच टेबलावर, सही करण्याआधी, देखभालीचे दोन्ही तक्ते मराठीत मागा. नेहमीच्या वापराचा आणि खडतर वापराचा. 'असं कुणी मागत नाही' म्हणाले, तर लेखी मागा.