विश्लेषण : ‘मैत्रिणी’ चालतात, मग जोडीदार का नाहीत?

बदलापूर किंवा अंबरनाथमध्ये दोन तरुणींनी मिळून वन-बीएचके भाड्याने घेतला, तर फारशी चौकशी होत नाही. दोघी नोकरी करतात, भाडे वाटून घेतात, एवढे उत्तर पुरते. हे नाते मैत्रीपलीकडचे आहे असे कळले, की तेच घर सोसायटीला खुपू लागते.

चळवळीत हे प्रेम कुठे होते?

मथुरा बलात्कार प्रकरणाच्या निकालाविरोधात १९८० मध्ये स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. घरात बाईचे काय होते हा खासगी मामला नाही, हे या चळवळीने ठासून सांगितले. त्याच सुमारास, १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. त्यातील मित्रा एका मुलीवर प्रेम करते, पण तिचा शेवट आत्महत्येत होतो. १९८२ च्या ‘उंबरठा’ चित्रपटातही आश्रमातील दोन स्त्रियांचे असे नाते दिसते.

म्हणजे विषय माहीत होता. तरीही हुंडाबळी आणि बलात्काराच्या लढ्यात तो मागे राहिला. समलिंगी स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट मुंबईत उभा राहिला तो १९९५ मध्ये.

कायदा काय सांगतो?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे दोघींनी एकत्र राहणे गुन्हा नाही, पण कायद्याच्या लेखी त्या एकमेकींच्या कुणीच नाहीत.

सध्या काय करता येते?

• संयुक्त बँक खाते उघडता येते, जोडीदाराला नॉमिनीही करता येते. केंद्राने हे ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.
• रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, असे केंद्राने राज्यांना कळवले आहे.
• भाडेकरारावर दोघींची नावे टाकून तो नोंदवून घ्यावा.
• नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. त्यामुळे दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवणे शहाणपणाचे.

मुद्दा काय?

या सवलती उपयोगाच्या आहेत, पण त्या परिपत्रकांवर उभ्या आहेत. उल्हासनगरच्या एखाद्या रुग्णालयात मध्यरात्री ‘पेशंटच्या तुम्ही कोण?’ असे विचारले, तर ‘मैत्रीण’ या उत्तराला वजन नसते. वर्षानुवर्षे संपर्कात नसलेल्या भावाच्या सहीला असते.

घरातला अन्याय चव्हाट्यावर मांडायला स्त्री चळवळीने शिकवले. आता घर कोणाचे धरायचे, हा प्रश्नही तिचाच आहे. लग्नाचा वाद न्यायालयात हरला असला, तरी सोबत राहणाऱ्या दोन प्रौढांना एकमेकींचे नातलग म्हणून नोंदवण्याचा कायदा संसद करू शकते. त्याची मागणी महिला संघटनांनी आपल्या यादीत वर घ्यायला हवी.