क्ष-किरण लेझर : झोतातील अनियमितता हीच माहिती

जयपूर : येथील जंतरमंतरमधील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्यावरील सर्वांत लहान खूण दोन सेकंदांची आहे. पितळी यंत्रे लहान आणि झिजणारी असल्याने सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकात दगड-चुन्याची भव्य यंत्रे उभारली. मात्र आकाशातील सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड पुसट पडते आणि हा पुसटपणा जवळजवळ दोन मिनिटांइतका असतो. यंत्र आणखी उंच केल्याने तो हटत नाही. पुसट पट्ट्यात बारीक काडी किंवा दोरा धरून कडेचा बिंदू ठरवला, तर मात्र वाचन काही सेकंदांपर्यंत अचूक येते. युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित जयसिंहांच्याच पदरी होते, हा योगायोग नसावा.

यंत्र वाढवावे की वाचन सुधारावे, हाच प्रश्न आज क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेझरच्या क्षेत्रात उभा आहे. या यंत्रात प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोहोचलेले इलेक्ट्रॉन चुंबकांच्या लांब रांगेतून नागमोडी धावतात आणि एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही काही लाखांश काळ टिकणारे तीव्र स्पंद निर्माण होतात. रासायनिक बंध तुटताना अणू कसे हलतात, हे त्यांच्या साहाय्याने टिपता येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे असे यंत्र २००९ मध्ये सुरू झाले. जर्मनीतील हॅम्बुर्गजवळचे ३.४ किलोमीटर लांबीचे युरोपीय यंत्र २०१७ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच्या उभारणीचा खर्च सव्वाशे कोटी युरोंच्या घरात होता.

अडचण अशी की, बहुतेक ठिकाणी हा झोत इलेक्ट्रॉनांच्या मूळच्या अनियमिततेतून वाढत जातो. परिणामी प्रत्येक स्पंदाचा वर्णपट वेगळा असतो. त्यात अनेक अणकुचीदार शिखरे स्वैरपणे उमटतात. हा दोष मानून झोतच शुद्ध करण्याचा एक मार्ग आहे. स्टॅनफर्ड येथे २०१२ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले. पण त्यासाठी खर्चिक जोडयंत्रणा लागते.

दुसरा मार्ग गणिताचा आहे. प्रत्येक स्पंदाचा वर्णपट नोंदवायचा, त्या स्पंदाला नमुन्याने दिलेला प्रतिसाद नोंदवायचा आणि हजारो जोड्यांवरून नमुन्याचा मूळ गुणधर्म उलगडायचा. शिखरे संपूर्ण झोताच्या रुंदीपेक्षा अरुंद असल्याने सरासरी झोतातून न दिसणारा तपशीलही हाती येतो. म्हणजे स्पंद जितके परस्परांहून भिन्न, तितकी माहिती अधिक.

इथेच ‘विरळ संकेता’चा सिद्धान्त उपयोगी पडतो. कांदेस, रोमबर्ग, ताओ आणि डोनोहो यांनी २००६ च्या सुमारास दाखवून दिले की, दहा हजार अज्ञात संख्यांपैकी वीसच शून्येतर असतील, तर दहा हजार मोजमापांची गरज नसते. योग्य रीतीने घेतलेली काही शे पुरतात. मराठी वाचकांना याचे जवळचे उदाहरण २०२० मधील आहे. कोरोनाच्या साथीत आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह ‘टॅपेस्ट्री’ पद्धत मांडली. अनेकांचे नमुने वेगवेगळ्या गटांत मिसळून तपासायचे आणि गटांच्या निकालांवरून बाधित व्यक्ती ओळखायच्या, असे तिचे स्वरूप होते. बाधितांचे प्रमाण कमी असेल तेव्हाच ती फायद्याची ठरते, हेही तितकेच खरे.

तीच मर्यादा प्रयोगशाळेतही लागू पडते. नमुन्याचा गुणधर्म प्रत्यक्षात विरळ नसेल किंवा स्पंदाचा वर्णपट चुकीचा नोंदला गेला असेल, तरी गणित उत्तर देतेच. ते उत्तर स्वच्छ व देखणे असते, पण चुकीचे असते. गोंधळलेली आकृती निदान शंका तरी निर्माण करते. म्हणून ज्ञात नमुन्यावर पडताळणी केल्याशिवाय अशा निष्कर्षांवर विसंबणे धोक्याचे आहे.

भारतासाठी हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हा सिंक्रोट्रॉन आणि अवरक्त किरणांचे मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर आहे. क्ष-किरणांचे मात्र देशात एकही नाही. भारतीय गटांना परदेशी यंत्रांवर स्पर्धेतून वेळ मिळवावा लागतो. स्टॅनफर्ड येथे एका प्रयोगाला साधारणतः बारा तासांच्या पाच पाळ्या मिळतात. सेकंदाला १२० स्पंदांच्या मूळ वेगाने हे साठ तास म्हणजे सुमारे २ कोटी ६० लाख स्पंद. त्यातील बराच वेळ जुळवाजुळवीत जातो. निम्म्या स्पंदांत तेच उत्तर मिळाले, तर त्याच साठ तासांत दुसरा नमुनाही तपासता येईल.

स्टॅनफर्डच्या सुधारित यंत्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला प्रकाश दिला. ते सेकंदाला दहा लाख स्पंदांपर्यंत जाण्यासाठी बांधलेले आहे. त्यामुळे स्पंदांची टंचाई कमी होईल. पण प्रत्येकाचा वर्णपट त्याच वेगाने नोंदवणारे शोधक आणि ती माहिती जागच्या जागी चाळणारी संगणकप्रणाली हीच नवी अडचण ठरणार आहे. हे काम करण्यासाठी देशात अब्जावधींचे यंत्र असावे लागत नाही. गणित, संगणन आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विभागांत वावरणारे विद्यार्थी मात्र लागतात आणि आपल्या विद्यापीठांत हे विभाग अजूनही बहुधा एकमेकांपासून अंतर राखूनच आहेत.