बोट डोलू लागली तर काय करावे?

बोटीची सहल म्हटली की डोळ्यांसमोर येते ते जाहिरातीतले चित्र. निळे पाणी, पांढरी बोट, कठड्याला रेलून हसणारे जोडपे. काळ्या ढगांचे आणि ओकारीच्या पिशवीचे चित्र कुणी छापत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब बोटीने गेलो आणि हे न छापलेले चित्रच दोन दिवस पाहिले. त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून आजचे हे सदर.

काही वाचक म्हणतील, कारकुनाच्या घरात क्रूझचे खूळ कुठून शिरले? त्याला कारण आमचे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नानांनी उभे आयुष्य मुंबईच्या गोदीत काढले. आधी पाठीवर पोती वाहिली, नंतर विंचवाल्याला हाताने खुणा करण्याचे काम केले. शेकडो बोटी भरल्या आणि रिकाम्या केल्या. पण बोटीत बसून ते कधी कुठे गेले नाहीत. आमचे मूळ गाव अलिबाग तालुक्यात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसे बुडाली. नानांचा जन्म त्याच सालचा. आमच्या आजीने त्या बोटीचा असा धसका घेतला की पुढे गावी जायचे तर ती पनवेलवरून एस. टी.ने जाई, लाँचला पाय लावत नसे. मुलगा गोदीत लागला तेव्हा तिने त्याच्याकडून शब्द घेतला होता, "बोटीवर काम कर, पण बोटीत बसून जाऊ नको."

आजी जाऊन आता कित्येक वर्षे झाली. एका संध्याकाळी नाना सहज बोलून गेले, "बोटीतून किनारा कसा दिसतो, ते तेवढं बघायचं राहिलं." त्या एका वाक्यावर आम्ही तिघा भावंडांनी भिशी लावली. पैसे जमायला दोन वर्षे लागली. मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, चार रात्रींची सहल ठरली. एका बाजूचे अंतर सुमारे नऊशे किलोमीटर.

इथे आमची पहिली चूक झाली. आम्ही फराळाचे डबे मोजले, नानांच्या गोळ्या मोजल्या, पण हवामानाचा अंदाज पाहिला नाही. समुद्र फक्त पावसाळ्यातच खवळतो अशी आपली समजूत असते. खरे पाहता अरबी समुद्रात चक्रीवादळे येतात ती बहुतेक पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा सरल्यावर. 'निसर्ग' वादळ आले ३ जून २०२० ला, 'फयान' आले ११ नोव्हेंबर २००९ ला. म्हणजे मे महिन्याची आणि दिवाळीची, आपल्या दोन्ही सुट्ट्या यात सापडतात. बंदरावर धोक्याचे बावटे लावतात, ते १ ते ११ क्रमांकांचे असतात. तीन नंबरचा बावटा लागला की त्या बंदरालाच वाऱ्यापासून सावधगिरीचा इशारा आहे असे समजावे. कोळी बांधवांच्या पोराला जे ठाऊक असते, ते आम्हा बी.कॉम. झालेल्यांना ठाऊक नव्हते.

बोट सुटण्याआधी सर्वांना ठरलेल्या जागी बोलावून लाइफ जॅकेट कसे घालायचे ते दाखवतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचे, हे तिथेच सांगतात. पुष्कळ मंडळी या वेळी फोटो काढण्यात दंग होती. पण हा नियम उगाच झालेला नाही. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, तिच्यावर सर्व माणसांना पुरतील एवढ्या जीवरक्षक होड्या नव्हत्या. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ जण गेले. तिच्यावरच्या नव्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. म्हणून २०१५ पासून अशा बोटींवर ही कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच करावी लागते. नाना मात्र जॅकेटचा पट्टा आवळून शाळेतल्या मुलासारखे सरळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून वारा वाढला. संध्याकाळी ताटातली आमटी एका बाजूला जाऊ लागली. पोहण्याचा हौद रिकामा केला गेला, वरचा डेक बंद झाला आणि जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या लटकू लागल्या. पिशव्या दिसताच आमच्या ताईला मळमळू लागले. ताईपाठोपाठ आमचा नंबर लागला.

एस. टी. लागते तशीच बोट लागते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत. पण बंद खोलीत डोळ्यांना भिंती स्थिर दिसतात, म्हणून डोळे सांगतात की आपण हलत नाही. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि त्रास पोटाला होतो. यावर उपाय म्हणजे डोळ्यांना खरे काय ते दाखवणे. खिडकीजवळ बसून दूर, जिथे पाणी आणि आभाळ मिळते त्या रेषेकडे पाहावे. पुस्तक किंवा मोबाईल डोळ्यांपुढे धरू नये. रिकाम्या पोटी राहू नये आणि तळकटही खाऊ नये. चुरमुरे, कोरडा पाव, आल्याचा तुकडा यांनी बरे वाटते. उलट्या झाल्याच तर मीठ-साखरेचे पाणी घोट घोट प्यावे. गोळ्या मिळतात, पण त्या त्रास सुरू होण्याआधी घ्याव्या लागतात आणि त्यांनी झोप येते. वयस्कर माणसांनी, काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट जागेची. सी-सॉच्या टोकाला बसलेले मूल जास्त उडते, मधले कमी. बोटीचेही तसेच. मधोमध आणि खालच्या मजल्यावर डोल सर्वांत कमी लागतो. वरच्या मजल्यावरच्या महागड्या खोल्यांतली मंडळी आडवी झाली होती, आणि आमची खालची बिनखिडकीची स्वस्त खोली त्या मानाने शांत होती. झोपायला खोली आणि बसायला मधल्या मजल्यावरच्या हॉलमधली खिडकी, असा आम्ही मुक्काम वाटून घेतला. बोटीच्या पोटाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे पंख असतात, त्यांनी आडवा डोल कमी होतो. पुढचे टोक वरखाली होते, तो उभा डोल मात्र सोसावाच लागतो.

तिसरी गोष्ट पडू नये याची. नानांनी आम्हाला तंबी दिली, "चालताना एक हात कायम मोकळा ठेवा आणि कठडा सोडू नका." दाराच्या फटीत बोटे घालू नयेत, कारण जड दारे हेलकाव्याने आपोआप मिटतात. टेबलावरच्या बाटल्या, चष्मे खणात ठेवावेत. पायांत सपाट चपला असाव्यात. आंघोळीचा एक दिवस चुकला तर काही बिघडत नाही.

आता मुलांचे काय करायचे? आम्ही घरून कॅरम नेला होता. स्ट्रायकर मारण्याआधीच सोंगट्या भोकात जाऊ लागल्या, तेव्हा तो गुंडाळला. बिनकष्टाचे खेळ बरे. आम्ही गाण्याच्या भेंड्या लावल्या, कोडी घातली, पत्ते खेळलो. पलीकडच्या बाकावरचे नागपूरचे एक कुटुंब आणि गुजरातेतल्या दोन आजीबाई भेंड्यांत सामील झाल्या. ज्याला गाणे आठवत असते त्याला मळमळ आठवत नाही, हा आमचा अनुभव. खालच्या मजल्यावर जादूचे प्रयोगही होते. पण जादूगारच दोनदा धडपडला आणि मुले त्यावरच जास्त हसली.

रात्री नानांनी मुलांना गोदीच्या गोष्टी सांगितल्या. जड माल बोटीच्या तळाशी का भरतात, माल एका अंगाला सरकला तर काय होते, हे त्यांनी पाण्याच्या बाटलीत दाणे घालून दाखवले. 'रामदास'चे तेच झाले, बोट कलली तेव्हा घाबरलेली माणसे एका बाजूला धावली असे ते म्हणाले. मग लंडनच्या बोटींचा विषय निघाला. बाबासाहेब ४ ऑक्टोबर १९३० रोजी गोलमेज परिषदेसाठी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने मुंबईहून निघाले, हे आमच्या मुलीला पाठ होते. तिने विचारले, "आजोबा, त्यांना पण बोट लागली असेल का?" नाना म्हणाले, "लागली असेल तरी पोचले ना?" त्यानंतर आमच्या मुलीने कागदी पिशवीबद्दल तक्रार केली नाही.

खरा प्रसंग पुढेच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ध्वनिक्षेपकावर सांगण्यात आले की समुद्र खवळलेला असल्याने बेटावर उतरता येणार नाही, बोट परत फिरणार. अशी मोठी बोट बेटाला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून नेतात. उसळत्या लाटांवर म्हाताऱ्या माणसांनी आणि मुलांनी त्या होडीत पाय ठेवायचा म्हणजे जिवाशी खेळ. पण हे कळायला डोके शांत लागते. दहा मिनिटांत चौकशीच्या खिडकीपुढे दीडशे माणसांचा आरडाओरडा सुरू झाला. खिडकीत रत्नागिरीकडचा एक कोवळा मुलगा होता. कुणी त्याला चोर म्हटले, कुणी त्याचा बाप काढला.

आणि लिहायला लाज वाटते, त्या गर्दीत आम्हीही होतो. हातात तिकिटाचा कागद होता. दोन वर्षांची भिशी डोळ्यांपुढे होती. आम्ही त्या मुलाला म्हणालो, "लेखी द्या, नाहीतर नोकरीवर राहणार नाही तुम्ही." ज्यांनी कामगारांच्या अर्जांची भाषा आयुष्यभर दुरुस्त केली, त्यांच्याच तोंडून हे वाक्य गेले.

मागून खांद्यावर हात पडला. कठडा धरत धरत नाना आले होते. त्यांनी आम्हाला बाजूला घेतले.

"तुला आमच्या जोडीदाराचं कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "पावसाचे दिवस. विंचचा दोर झिजलेला. टोळीतल्या सगळ्यांनी बघितला होता. पण बोललं कोण? काम थांबलं तर पाळीचे पैसे जाणार. मुकादम म्हणाला, चला, आणि आम्ही चाललो. वरचा भार सुटला. तो खाली हॅचमध्ये होता. त्या दिवशी 'थांबा' म्हणणारा एक जरी माणूस असता ना, तर त्याची बायको उघडी पडली नसती. मी खुणा करत होतो. मीच हात वर करायला पाहिजे होता."

थोडा वेळ ते लाटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "इथं थांबा म्हणणारा माणूस आहे. तू त्यालाच शिव्या देतोस?"

आम्ही काय बोलणार? चाळीस वर्षे हे ओझे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. सुरक्षेच्या बाबतीत कप्तानाचा निर्णय अखेरचा, मालकालाही त्यात हात घालता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे हे आम्हाला नंतर कळले. तो नियम का असतो ते मात्र तिथे उभ्या उभ्या कळले. आम्ही पुन्हा खिडकीशी गेलो आणि त्या मुलाची माफी मागितली. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली. नानांनी विचारले, "जेवलास का रे?" तो म्हणाला, "पहाटेपासून इथंच आहे, आजोबा." ताईने चिवड्याचा डबा त्याच्या हातात दिला.

पैशांचे म्हणाल तर, हवामानामुळे मार्ग बदलल्यास भरपाई नाही, असे अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेले निघाले. तेव्हा पैसे भरण्याआधी अटी पूर्ण वाचाव्यात, ही आमची वाचकांना कळकळीची सूचना. तक्रार असेल तर ती कंपनीच्या कार्यालयाकडे लेखी करावी. खिडकीतल्या पोरावर राग काढू नये. वारा त्याने सोडलेला नसतो.

शेवटच्या पहाटे वारा पडला आणि डेक उघडला. खांदेरीच्या बेटावरचा १८६७ सालचा दिवा मागे गेला, मग कुलाब्याच्या टोकाचा १८७५ सालचा प्राँग्सचा दिवा दिसला. त्यामागे हळूहळू मुंबई उभी राहिली. नाना एक हात कठड्यावर ठेवून अर्धा तास हलले नाहीत. आम्ही म्हणालो, "नाना, लक्षद्वीप राहिलं." ते म्हणाले, "मी कुठं लक्षद्वीप बघायचं म्हणालो होतो?"

घरी आल्यावर चार दिवसांनी त्यांनी विषय काढला. गावी जायचे आहे आणि पनवेलवरून नाही, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला. आजीला दिलेला शब्द एकदा मोडलाच आहे, आता तिच्या गावी जाऊन तिला सांगून यावे म्हणतात. माघी पौर्णिमेनंतरचा रविवार ठरला आहे. या वेळी तिकिटाआधी हवामानाचा अंदाज पाहण्याचे काम आमच्याकडे आहे.