शिकाऱ्याचे मचाण आणि जागलीचा माळा

शरयूच्या काठी काळोखात दशरथ दबा धरून बसला होता. पाण्यावर श्वापद आले असे समजून त्याने नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि तो लागला घागर भरणाऱ्या श्रावणबाळाला. आपल्या घरांत ही कथा मातृपितृभक्तीची म्हणून सांगितली जाते. शिकारीचा इतिहास चाळणाऱ्याला मात्र तिच्यात आणखीही काही दिसते. रात्री, पाणवठ्यावर, जमिनीवर बसून, लक्ष्य डोळ्यांनी न पाहता केलेल्या शिकारीत काय घडू शकते, हे आपल्या परंपरेने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

राजेलोकांची हरणाची शिकार बहुधा पाठलागाची असे. कालिदासाचा दुष्यंत रथातून हरणामागे धावतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात मृगया हा राजाच्या विनोदांपैकी एक मानला आहे. कोल्हापुरात तर विसाव्या शतकातही शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. ज्याच्याकडे घोडा नाही, चित्ता नाही, हाकारे घालायला माणसे नाहीत, त्याने झाडावर बसून वाट पाहायची. मचाण मुळात त्याचे. रानातल्या शिकाऱ्याचे आणि ज्वारी राखणाऱ्या कुणब्याचे.

बंदूक आली आणि साहेब, संस्थानिक, जमीनदार सगळेच झाडावर चढले. या काळात मचाण निवडण्याचे आणि बांधण्याचे एक पक्के शास्त्र तयार झाले. त्याचे श्रेय पुस्तके लिहिणाऱ्या शिकाऱ्यांना मिळाले, पण झाड कोणते हे ठरवणारी नजर बरोबरच्या गोंड, कोरकू, भिल्ल वाटाड्यांची होती. चैत्रात मोहाची फुले पडू लागली की चितळ त्याखाली येणार. मग मचाण मोहावर बांधायचे नाही, मोह नजरेत राहील अशा शेजारच्या झाडावर बांधायचे. सांबर खारी माती चाटायला रात्री उतरते, तिथे चंद्र कोणत्या बाजूने वर येईल हे आधी पाहायचे. संध्याकाळी गार झालेली हवा उताराने खाली वाहते आणि सकाळी ऊन चढले की वर जाते. म्हणून संध्याकाळच्या बैठकीला जनावराच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसणारा आपला वास आपणच खाली पाठवतो. हरणाचे नाक चुकवणे हे डोळा चुकवण्याहून अवघड. दोन फांद्यांमध्ये दोरांनी बांधलेली हलकी खाट चांगली, कारण ती आवाज करत नाही. आडोशाचा पाला त्याच झाडाचा ओरबाडायचा नाही, लांबून आणायचा आणि वाळला की बदलायचा, कारण हिरव्या झाडातला तपकिरी झुपका जनावराला खटकतो. उंची साधारण पंधरा-वीस फूट. त्याहून खाली बसले तर वास लागतो, फार वर गेले तर फांद्या आड येतात. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेटने मारला, तोही गुलाबराय येथील आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसून. एवढ्या कसबी शिकाऱ्यालाही शेवटी जागा, झाड आणि धीर यांवरच भरवसा ठेवावा लागला.

हे सगळे ज्ञान एका हेतूभोवती विणलेले होते. जनावर जवळ यावे आणि त्याला माणूस कळू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या हेतूचाच पाया काढला. त्यातल्या मूळ सतराव्या कलमाने पाणवठ्यावर, खाऱ्या मातीच्या चाटणीवर आणि तिकडे जाणाऱ्या वाटांवर शिकार करायला बंदी केली. दशरथ जिथे बसला होता नेमकी ती जागा कायद्याने मिटवली. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारच थांबली, तेव्हा वेगळ्या मनाईची गरज उरली नाही. पण मचाण मेले नाही. ताडोब्यात, मेळघाटात, पेंचमध्ये ते पाणवठ्यावरच राहिले. आता त्यावर वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वही-पेन्सिल घेतलेली माणसे बसू लागली. पाणी आटलेले, चांदणे लख्ख, जनावर पाण्यावर येणारच. शिकाऱ्याचे सगळे गणित जसेच्या तसे प्राणिगणनेच्या कामी आले. पुढे वाघांची मोजणी कॅमेरा ट्रॅपने होऊ लागली आणि ही पौर्णिमेची रात्र निसर्गानुभवाची रात्र झाली. रायफल ठेवण्याच्या जागी वही आली, हा आपल्या समाजाने स्वतःत घडवलेला मोठा आणि अभिमानाचा बदल आहे, असे मी मानतो.

या बदलातून एक माणूस मात्र वगळला गेला. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा जिल्ह्यांत जंगलाच्या कडेला हरभरा, गहू, तूर, धान राखायला शेतकरी आजही जागलीला जातो. चितळांचे कळप, रोही, रानडुकरे एका रात्रीत पीक झोपवतात. चितळामागे वाघ येतो. आणि जागलीचा माळा काय असतो? चार बल्ल्या, वर तुराट्या, कधी जुनी ताडपत्री, चढायला एक बांबू. बल्ली वाळवीने खाल्ली की नाही, हे तो कोसळल्यावर कळते. अनेक जण माळाही बांधत नाहीत, बांधावर शेकोटी पेटवून जमिनीवरच बसतात. ज्या जमिनीवरून उठून शिकारी झाडावर गेला, तिथेच शेतकरी अजून बसला आहे.

अमेरिकेतली गोष्ट इथे कामाची आहे. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या शेपटीची हरणे काही लाखांवर आली होती. निर्बंधांमुळे आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवल्यामुळे आज ती कोटींच्या घरात गेली आहेत. हरणे वाढली, धनुष्यबाणाने शिकार करणारे वाढले. बाणाला हरिण वीस-तीस मीटरवर यावे लागते, म्हणून झाडावरच्या बैठकींचा मोठा धंदा उभा राहिला. शिडीची, बुंध्याला टांगायची, माणसाबरोबर खोडावर चढत जाणारी, असे प्रकार निघाले. लवकरच ध्यानात आले की या माणसांना बंदुकीइतकाच धोका पडण्याचा आहे. आधी कमरेचा पट्टा आला. पडल्यावर तो पोटात आणि छातीत रुततो हे कळल्यावर खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण पट्टा आला. हौसेने झाडावर बसणाऱ्याच्या जिवाची तिथे इतकी काळजी घेतली गेली. आपला शेतकरी हौसेने बसत नाही.

त्याचे मचाण निवडताना शिकाऱ्याच्या शास्त्राची प्रत काढून चालणार नाही, कारण त्याचा हेतू बरोबर उलटा आहे. हरिण यावे असे त्याला वाटत नाही. ते आत शिरण्याआधी निघून जावे आणि त्यामागे कोणी आले असेल तर तेही दुरूनच वळावे, एवढेच त्याला हवे. म्हणून पाल्याचा आडोसा नको, चारी बाजूंनी मोकळी नजर हवी. जंगलाच्या कडेचे झाड नको, कारण बिबट्या झाडावर चढतो आणि झाडाखालच्या सावलीत काही दिसत नाही. शेताच्या मध्यावर, स्वतःच्या पायावर उभा राहणारा, लोखंडी नळांचा माळा हवा. वाऱ्याने शेतकऱ्याचा वास जंगलाकडे गेला तर चांगलेच, उलट बसायची बाजू तशीच धरावी. वर छप्पर, कठडा, पायऱ्यांची शिडी, तिच्या तोंडाला बंद होणारे दार, सौर दिवा आणि पट्टा अडकवायला कडी.

हे मोठ्या खर्चाचे काम नाही, पण त्याला शासनाच्या यादीत जागा लागते. पीक गेल्यावर पंचनामा आणि भरपाई आहे, सौर कुंपणाला मदत आहे. कुंपण मोडले, बॅटरी उतरली की मात्र काही जण तारेत थेट वीज सोडतात. त्या तारेने हरिण मरते, वाघ मरतो आणि पहाटे बांधावरून चालणारा शेजारीही मरतो. सुरक्षित माळ्यावरून जागा राहिलेला माणूस ही तार लावण्याची गरज बरीच कमी करेल. व्याघ्र प्रकल्पांच्या पर्यटनातून येणाऱ्या पैशाचा काही भाग भोवतालच्या गावांसाठी खर्च होतोच, त्यात माळ्यांचा समावेश करावा. पाणवठ्यावरचे मचाण पक्के बांधणाऱ्या वनखात्याला हे बांधकाम नवे नाही. माळे गावात पोचायला हवेत ते हरभरा उगवून वर येण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास. त्यासाठी मागणीपत्रे पावसाळ्यातच वनपरिक्षेत्र कार्यालयात जायला हवीत आणि कोणत्या शेतात माळा आधी उभारायचा हे त्या गावच्या ग्रामसभेने ठरवायला हवे.