"तुम्हाला चालवता येत नाही" : धंद्यातलं सगळ्यात महागडं वाक्य



आज विषय जरा वेगळा आहे. गाडीचा गिअरबॉक्स. तुम्ही म्हणाल, आम्ही मसाले विकतो, बुटीक चालवतो, आमचा काय संबंध? संबंध आहे. गिअरबॉक्स बिघडला तेव्हा मोठमोठ्या कंपन्या ग्राहकाशी कशा बोलल्या, ते बघितलं की आपण काय बोलू नये हे लगेच कळतं. आणि ज्यांचा टेम्पो, स्कूल व्हॅन किंवा टॅक्सीचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी तर हा सरळ जिवाचाच प्रश्न आहे.

आधी ऑस्ट्रेलियाची गोष्ट. फोर्ड कंपनीच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांमध्ये 'पॉवरशिफ्ट' नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यायचा. (इकोस्पोर्ट आपल्याकडेही चांगली ओळखीची.) या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. एक गिअर चालू असताना पुढचा तयार असतो, म्हणून गाडी झटपट गिअर बदलते. कल्पना चांगलीच होती. पण हे क्लच कोरडे होते. सील गळून तेल क्लचवर आलं की गाडी थरथरायची. गिअरबॉक्स चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट बिघडलं, तर चालत्या गाडीची ताकदच जायची.

आता विचार करा. हायवेवर उजव्या लेनमध्ये आहात, मागून ट्रक येतोय, ॲक्सिलरेटर दाबलाय आणि गाडी पुढे जातच नाही. हा बिघाड आहे की अपघाताचं आमंत्रण?

ऑस्ट्रेलियात या गिअरबॉक्सच्या सुमारे ७० हजार गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गाड्या या बिघाडासाठी किमान एकदा तरी दुरुस्तीला आल्या. लोक तक्रार घेऊन यायचे. आणि कंपनीकडून अनेकदा उत्तर काय मिळायचं? गाडी थरथरते ती तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे. गिअरबॉक्समध्ये दोष आहे हे कंपनीला माहीत होतं, तरीही!

प्रकरण तिथल्या ग्राहक आयोगाने कोर्टात नेलं. एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. त्या वेळच्या दराने साधारण ५० कोटी रुपये. आणि इथे नीट लक्ष द्या. कंपनीला ज्याबद्दल शिक्षा झाली ते होतं मे २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दिलेली वागणूक. वस्तू बिघडू शकते, हे जगात सगळ्यांना मान्य आहे. तुम्ही ग्राहकाला खोटं पाडता, ते कोणी मान्य करत नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेची, २०१६ ची. जीप ग्रँड चेरोकी आणि त्याच समूहाच्या काही गाड्यांना एक नवा गिअर लिव्हर बसवला होता. दिसायला छान. पण गिअर बदलला की लिव्हर परत मधल्या जागेवर यायचा. म्हणजे लिव्हरच्या जागेवरून गाडी पार्कमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये, हे हाताला कळायचंच नाही. लोकांना वाटायचं पार्क झाली. ते खाली उतरायचे आणि गाडी घरंगळायची. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. जूनमध्ये 'स्टार ट्रेक' चित्रपटांमधला तरुण अभिनेता अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमध्ये स्वतःच्याच घरी मेला. त्याची ग्रँड चेरोकी उतारावरून घरंगळत आली आणि तो गाडी आणि फाटकाजवळचा विटांचा खांब यांच्यामध्ये चिरडला गेला. ती गाडी परत बोलावलेल्या मॉडेलांपैकीच होती. वय अवघं २७.

इथेही म्हणता आलं असतं, "ड्रायव्हरने नीट बघायला नको का?" पण माझं मत स्पष्ट आहे. एका माणसाने चूक केली तर ती त्याची चूक. शेकडो माणसं तीच चूक करत असतील तर चूक वस्तूत आहे. कंपनीने शेवटी काय केलं? सॉफ्टवेअर असं बदललं की दार उघडून उतरायला गेलात तर गाडी स्वतःहून पार्कमध्ये जाईल. माणूस चुकणार, हे धरूनच उपाय केला. हेच सुरुवातीला करता आलं असतं.

तिसरी गोष्ट जुनी आहे, पण आपल्या कामाची. १९७० च्या दशकात अमेरिकेत फोर्डच्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल तक्रारी येत होत्या की पार्कमध्ये लावलेली गाडी अचानक रिव्हर्सला जाते. सरकारी चौकशी झाली. शेवटी १९८० मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना काय पाठवलं? एक स्टिकर! पार्क नीट लागलाय ना बघा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा, अशी सूचना. स्टिकर स्वस्त, दुरुस्ती महाग. पण स्टिकरचा अर्थ एकच होतो : यापुढे काही झालं तर जबाबदारी तुमची.

आता आपल्या गल्लीत येऊ.

तुमच्याकडे एक टेम्पो आहे, त्यावर ड्रायव्हर ठेवलाय. तो सकाळी सांगतो, "शेठ, गिअर अडकतोय, घाटात गाडी ओढत नाही." तुम्ही काय म्हणता? "आधीचा ड्रायव्हर तर काही बोलत नव्हता. तुलाच नीट चालवता येत नाही." झालं! ऑस्ट्रेलियातल्या त्या कंपनीने जे वाक्य वापरलं तेच तुम्ही वापरलंत. फरक एवढाच की तिच्याकडे दंड भरायला पैसे होते. तुमच्याकडे एकच टेम्पो आहे, आणि त्या टेम्पोत कोणाच्या तरी घरचा माणूस बसलाय. स्कूल व्हॅन असेल तर मागे मुलं बसलीत.

तुम्ही म्हणाल, "सर, पण काही ड्रायव्हर खरंच क्लचवर पाय ठेवून चालवतात, काही गिऱ्हाईक खरंच वस्तू वाट्टेल तशी वापरतात." अगदी बरोबर. सगळ्या तक्रारी खऱ्या नसतात. पण खरी की खोटी हे तपासल्यावर कळतं, ऐकताक्षणी कळत नाही. तपासायच्या आधीच निकाल देणं, हा माझा आक्षेप आहे.

म्हणून चार नियम सांगतो. आजपासून लागू करा.

१. तक्रारीची वही ठेवा. तारीख, वस्तू किंवा गाडी, तक्रार काय, आपण काय केलं. एवढंच. एकच तक्रार तीन वेगळ्या माणसांकडून आली की माणसं बघू नका, वस्तू बघा. तोंडी ठेवलेली तक्रार विसरली जाते, लिहिलेली तक्रार बोलायला लागते.

२. जिवाशी संबंध असेल तर आधी थांबवा, मग तपासा. ब्रेक, गिअर, स्टेअरिंग. गॅसची शेगडी. शॉक देणारा मिक्सर. खाण्याच्या पदार्थाचा बदललेला वास. इथे "बघू दोन दिवसांनी" चालत नाही. एक दिवसाचं भाडं बुडेल, बुडू द्या.

३. पहिलं वाक्य बदला. "तुम्ही कसं वापरलं?" हे विचारा, पण दुसऱ्यांदा बोलताना. पहिलं वाक्य असू दे, "बरं झालं सांगितलंत, दाखवा बरं." नंतर वापरण्यात चूक निघाली तरी तो माणूस तुमचाच राहतो.

४. सूचनेचं स्टिकर लावून मोकळे होऊ नका. सूचना द्यायलाच हवी. पण दोष माहीत असताना फक्त सूचना देणं म्हणजे स्वतःचा खर्च ग्राहकाच्या माथी मारणं.

आणि हे फक्त चांगुलपणाचं बोलणं नाही बरं का. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सदोष वस्तूमुळे नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी उत्पादकावरच नाही, तर परिस्थितीनुसार विकणाऱ्यावर आणि दुरुस्ती-सेवा देणाऱ्यावरही येऊ शकते. म्हणजे गॅरेजवाला, डीलर, घरगुती उपकरणं दुरुस्त करणारा, सगळे आले.

ज्यांच्या गाड्या धावतात त्यांनी ड्रायव्हरला एवढं तरी शिकवाच. गाडी उभी करताना ब्रेकवर पाय, हँडब्रेक ओढायचा, ऑटोमॅटिक असेल तर पार्क लागल्याची खूण डॅशबोर्डवर बघायची, इंजिन बंद, मगच खाली उतरायचं. उतारावर चाकाला दगड किंवा ठोकळा. चालत्या गाडीची ताकद गेली तर घाबरायचं नाही, इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे घ्यायचं, चारी दिवे लुकलुकत ठेवायचे, माणसं गाडीपासून लांब उभी करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालकाला फोन करताना ड्रायव्हरला भीती वाटता कामा नये. ज्या धंद्यात माणूस बिघाड सांगायला घाबरतो, तिथला बिघाड रस्त्यावरच कळतो.

मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात, जाहिरातीचं बजेट असतं, चूक पचवायची ताकद असते. तुमच्याकडे ते नाही. पण त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे : तक्रार घेऊन आलेला माणूस थेट तुमच्यासमोर उभा असतो. मधे कॉल सेंटर नाही, फॉर्म नाही. त्याचं ऐकायला फक्त पाच मिनिटं लागतात.

आज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी एक साधी दोनशे पानी वही विकत आणा. पहिल्या पानावर गेल्या महिन्यात तुम्ही उडवून लावलेली एक तक्रार लिहा. आणि उद्या सकाळी त्या माणसाला फोन करा.