दोन्ही हातांचा जमाखर्च

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शहर सोडताच जामठ्याच्या क्रिकेट मैदानाजवळून जातो. पुढे हिंगणघाट मागे टाकून तो यवतमाळ जिल्ह्यात शिरतो आणि नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर पांढरकवड्यास पोहोचतो. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण कापूस आणि जिनिंग-प्रेसिंगच्या व्यवहारासाठी परिचित आहे. अलीकडे टिपेश्वरच्या वाघांमुळेही त्याचे नाव बाहेर गेले. विदर्भाच्या संघातून खेळणारे अक्षय कर्णेवार हे ह्याच गावचे. गावापासून जामठ्यापर्यंतचा रस्ता सरळ आहे. परंतु तेथे पोहोचून वर्षानुवर्षे टिकून राहणे मात्र सोपे नाही.

कर्णेवार ह्यांचा जन्म १९९२ चा. ते डावखुरे फलंदाज आहेत. परंतु क्रिकेटच्या जगात त्यांची ओळख झाली ती गोलंदाजीमुळे. ते दोन्ही हातांनी फिरकी टाकतात. बालपणी ते उजव्या हाताने ऑफस्पिन टाकीत आणि क्षेत्ररक्षण करताना चेंडू डाव्या हाताने फेकीत. प्रशिक्षकांच्या दृष्टीने ही विसंगती हेरली आणि डाव्या हातानेही गोलंदाजी करून पाहा, असे त्यांनी सुचविले. एरवी ज्या सवयीबद्दल मुलास टोकले गेले असते, तिलाच येथे वळण मिळाले.

ह्या कौशल्याचा उपयोग साधा आहे. फलंदाजापासून दूर वळणारा चेंडू खेळणे सामान्यतः अधिक कठीण असते. उजव्या हाताची ऑफस्पिन डावखुऱ्या फलंदाजापासून दूर जाते, तर डाव्या हाताची फिरकी उजव्या फलंदाजापासून दूर जाते. ज्याचे दोन्ही हात तयार आहेत, तो समोर कोण उभा आहे हे पाहून हात निवडू शकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नई येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध मंडळ अध्यक्षीय संघाचा सराव सामना झाला, तेव्हा कर्णेवार ह्यांनी हेच करून दाखविले. पाकिस्तानचे हनीफ मोहम्मद ह्यांनी कसोटी सामन्यात दोन्ही हातांनी गोलंदाजी केली होती. आज श्रीलंकेचे कामिंदु मेंडिस तशी गोलंदाजी करतात. तथापि अशी नावे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

ह्या कलेविषयीचा एक नियम विचार करण्याजोगा आहे. गोलंदाज उजव्या हाताने टाकणार की डाव्या, हे त्याने आधी पंचांस सांगावे लागते आणि पंच ते फलंदाजास कळवितात. न सांगता हात बदलल्यास तो चेंडू अवैध ठरतो. फलंदाजाने मात्र ऐन वेळी पवित्रा उलटा करून फटका मारला तरी त्यास पूर्वसूचनेचे बंधन नाही. म्हणजे ज्याच्याजवळ दोन हातांचे सामर्थ्य आहे, त्याने ते लपवून वापरावयाचे नाही. प्रतिस्पर्ध्यास सांगून, त्याची तयारी होऊ देऊन, नंतर त्यास चकवावयाचे. सत्य आणि अचौर्य ही व्रते बालवयापासून कानांवर पडलेल्या वाचकांस ह्या नियमाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कर्णेवार ह्यांचे नाव देशभर गाजले ते ८ नोव्हेंबर २०२१ रोजी. सय्यद मुश्ताक अली करंडक स्पर्धेत विदर्भाची गाठ मणिपूरशी होती. ट्वेंटी-ट्वेंटी प्रकारात गोलंदाजास चारच षटके मिळतात आणि त्यांत पंचवीस-तीस धावा दिल्या तरी कामगिरी बरी मानली जाते. कर्णेवार ह्यांनी चारही षटके निर्धाव टाकली. चोवीस चेंडू, शून्य धावा, दोन बळी. पुरुषांच्या ट्वेंटी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध त्यांनी हॅटट्रिकसह केवळ पाच धावांत चार बळी घेतले.

परंतु विक्रमाचे वैभव किती अल्पायुषी असते, हेही लगेच दिसले. आठवडाभरातच कॅनडाच्या साद बिन जफर ह्यांनी पनामाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात हीच कामगिरी केली. पुढे २०२४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडचे लॉकी फर्ग्युसन ह्यांनी चार निर्धाव षटकांत तीन बळी घेतले. इकडे मुश्ताक अली स्पर्धेतही विदर्भाचा संघ उपांत्य सामन्यात कर्नाटकाकडून अवघ्या चार धावांनी पराभूत झाला. प्रतिस्पर्धी दुबळा होता, असे म्हणणारेही निघाले. ते खरेही आहे. परंतु दुबळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर जगातील शेकडो गोलंदाजांनी गोलंदाजी केली, चोवीस चेंडूंत एकदाही लक्ष ढळू न देणे मात्र तोवर कोणास साधले नव्हते.

त्यांची खरी कसोटी ह्यापूर्वीच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्यावर लागली होती. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध पहिल्या दिवसअखेर विदर्भाची अवस्था ७ बाद २०० अशी होती. कर्णेवार ह्यांनी तळाच्या साथीदारांना धरून नाबाद ७३ धावा केल्या आणि संघाचा डाव ३१२ पर्यंत नेला. सौराष्ट्राचा डाव ३०७ वर संपला. पाच धावांची ती आघाडी दिसावयास लहान. परंतु ती शेवटच्या जोड्यांनी मिळवून दिलेली होती. विदर्भाने सामना ७८ धावांनी जिंकला आणि सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक पटकावला. सामन्यात अकरा बळी घेणारे आदित्य सरवटे हे त्या विजयाचे नायक ठरले, आणि ते योग्यच होते.

त्यानंतर काही दिवसांतच इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध कर्णेवार ह्यांनी १०२ धावा केल्या. विदर्भाने पहिल्या डावातील आघाडीवर तो करंडकही राखला. हा सामना चालू असतानाच पुलवामाचा हल्ला झाला होता. विदर्भाच्या संघाने बक्षिसाची रक्कम हुतात्मा जवानांच्या कुटुंबीयांस अर्पण केली. ज्या खेळाडूंपैकी अनेकांचे उत्पन्न प्रत्येक सामन्यागणिक ठरते, त्यांनी हे दान केले, म्हणून त्याचे मोल अधिक.

ह्या उत्पन्नाचा हिशेब पालकांनी समजून घ्यावा असा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मानधनाचे नवे दर जाहीर केले. चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या खेळाडूस प्रतिदिन ६०,००० रुपये, एकवीस ते चाळीस सामने झालेल्यास ५०,००० आणि त्याखालील नवोदितास ४०,००० रुपये. राखीव खेळाडूस त्याच्या निम्मे. रणजी साखळीचा सामना चार दिवसांचा असतो. सात साखळी सामने धरल्यास ज्येष्ठ खेळाडूस १६ लाख ८० हजार रुपये मिळतात. तोच खेळाडू सर्व सामने राखीव म्हणून बसला तर ८ लाख ४० हजार, आणि संघातच निवडला गेला नाही तर त्या खात्यावर शून्य. आकडा मोठा दिसतो. परंतु हे वेतन नव्हे. नोकरदारास महिन्याच्या अखेरीस पगार जमा होण्याची जी निश्चिंती असते, ती येथे नाही. बोटाची दुखापत, निवड समितीचा बदललेला विचार किंवा एखाद्या तरुण फिरकी गोलंदाजाचा उदय, ह्यांपैकी काहीही पुढील हंगामाचे गणित बदलू शकते. शिवाय ही कमाई आयुष्यातील दहा-पंधरा वर्षांचीच असते, तिच्यावर पुढील तीन-चार दशके उभी करावयाची असतात. म्हणून मुलास खेळू देताना शिक्षण सुटू न देणे आणि हाती आलेल्या पहिल्या मानधनापासून बचतीची शिस्त लावणे, ही पालकांची जबाबदारी ठरते.

तरीही केवळ ह्या अनिश्चिततेकडे पाहून मैदान वर्ज्य मानणे हेही एकान्तच होय. आपल्याकडे खेळाडूच्या कारकिर्दीचे दोनच निष्कर्ष काढले जातात: भारताकडून खेळला तर यशस्वी, न खेळला तर वाया गेला. भारतीय संघात कर्णेवार ह्यांना स्थान मिळाले नाही, आयपीएलच्या झगमगाटात त्यांचे नाव ठळक झाले नाही. एका बाजूने पाहता ही उणीव आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, रणजी विजेतेपद, शेष भारताविरुद्ध शतक आणि जगात तोवर कोणी न केलेली चार षटके, एवढे संचित एका तालुक्याच्या गावातून आलेल्या खेळाडूच्या नावावर जमा आहे. अनेकान्ताची शिकवण ग्रंथात वाचावयाची आणि मुलांच्या भविष्याचा विचार करताना विसरावयाची, असे होऊ नये.

मार्च २०२५ मध्ये त्याच जामठ्यावर विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३७ धावांच्या आघाडीवर पुन्हा रणजी करंडक जिंकला. दानिश मालेवार, करुण नायर आणि हंगामात ६९ बळी घेणारे हर्ष दुबे ह्यांची नावे मथळ्यांत झळकली. कर्णेवार त्या अकरा जणांत होते. दुसऱ्या डावात आघाडी भक्कम करण्याची गरज असताना त्यांनी तळाला येऊन ३० धावा केल्या. धावफलकात ती एक साधी ओळ आहे. सहा वर्षांपूर्वीच्या विजयातील नाबाद ७३ धावांशी ती ओळ जोडून पाहिली, म्हणजे ह्या खेळाडूचे कार्य ध्यानात येते. पहिली फळी परतली की मैदानात यावे, संघास जेवढे हवे तेवढे द्यावे, आणि गौरव दुसऱ्याच्या वाट्याला गेला तरी पुढच्या सामन्यास तितक्याच तयारीने हजर राहावे.

संसार असो, पेढी असो वा संस्था, त्यांचा भार बहुधा अशाच माणसांनी वाहिलेला असतो. आपल्या घरात असे कोण आहे, हे एकदा पाहावे आणि त्याच्या नावे जे जमा आहे, ते त्यास वेळीच सांगावे.